आम्ही भाडेकरू आहोत की नाही, एवढे लेखी कळवा

प्रति,
सार्वजनिक उद्यानाच्या जमिनीचा व मिळकतींचा कारभार पाहणारे मान्यवर अधिकारी व पदाधिकारी,
नाशिक.

विषय : उद्यानाच्या पुनर्विकासाची निविदा निघण्यापूर्वी आवारातील संस्थांच्या भाडेपट्ट्यांचा निर्णय होण्याबाबत.

सन्माननीय महोदय व महोदया,

आमच्या वसाहतीतील उद्यानाच्या पूर्वेकडील कोपऱ्यात, पत्र्याच्या छपराखाली, जे छोटे वाचनालय आणि अभ्यासिका चालते, त्या संस्थेचा मी गेली बावीस वर्षे कार्यवाह आहे. या पत्रात मी उद्यानाचे नाव लिहिलेले नाही आणि आपले पदनामही लिहिलेले नाही. या काळात खुर्चीवरची माणसे अनेकदा बदलली, त्यांतील काहींनी आम्हाला मनापासून मदतही केली, आणि दोष कोणा एकाच्या माथी मारून आमचा प्रश्न सुटणार नाही. शिवाय शहरातील दुसऱ्या एखाद्या बागेत अशीच खोली चालवणाऱ्यांनी हे पत्र वाचले, तर त्यांनाही ते आपलेच म्हणता यावे, अशी माझी इच्छा आहे. आवक शिक्का मारलेली आमची सात पत्रे आपल्या दप्तरात आहेत आणि त्यांपैकी एकाचेही उत्तर आलेले नाही, म्हणून हे आठवे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

गेल्या महिन्यात उद्यानाच्या पुनर्विकासाचे सादरीकरण झाले. भिंतीवर लावलेल्या मोठ्या रंगीत नकाशावर १ ते १९ असे आकडे होते आणि शेजारी त्यांचा खुलासा होता : कारंजे, चालण्याचा मार्ग, खुला रंगमंच, मुलांची खेळणी, खाद्यदालन, वाहनतळ. तो खुलासा मी वरून खाली दोनदा वाचला. त्यात वाचनालय नव्हते, बालवाडी नव्हती, ज्येष्ठ नागरिकांची खोली नव्हती आणि महिला बचत गटाची चहा-पोह्यांची टपरीही नव्हती. आमच्या इमारतीच्या जागी फिकट हिरवा रंग भरला होता आणि त्यावर दोन छत्र्या व चार खुर्च्या काढल्या होत्या. मी सल्लागारांना विचारले, तेव्हा त्यांनी सौजन्याने सांगितले की त्यांच्या हाती दिलेल्या मोजणीच्या नकाशात त्या ठिकाणी ‘तात्पुरती शेड’ असे लिहिलेले होते, म्हणून त्यांनी ती जागा मोकळी धरली.

‘तात्पुरती शेड’ हे दोन शब्द मला त्या रात्री झोपू देत नव्हते. या शेडचा पाया आपल्याच खात्याच्या अभियंत्याने आखून दिला होता. मुदतीचा भाडेपट्टा करार मुद्रांकावर होऊन नोंदवलेला आहे, अनामत रक्कम भरलेली आहे आणि तिची पावती आमच्या लोखंडी पेटीत आहे. मी सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी करत होतो. पहिल्या वर्षी पुस्तकांना कपाटे नव्हती, म्हणून दुसऱ्या पाळीवरून सुटल्यावर मी आणि माझे दोन सहकारी भंगारातून आणलेले अँगल कापून, वेल्डिंग करून, मांडण्या तयार करत असू. त्यांतील अकरा मांडण्या आजही उभ्या आहेत. सगळ्यांत खालच्या फळ्या जमिनीपासून वीतभर उंच आहेत, कारण पहिल्याच पावसाळ्यात दारातून पाणी आत आले होते आणि खालच्या ओळीतील दिवाळी अंक फुगून गेले होते. एवढा विचार करून उभे केलेले काम कोणी तात्पुरते म्हणून करत नाही.

आवारात आम्ही चार भाडेकरू आहोत. सकाळी सातला अभ्यासिका उघडते, तेव्हा पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतून येऊन शहरात खोली घेऊन राहणारी, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले-मुली दाराशी थांबलेली असतात, कारण दहा बाय दहाच्या खोलीत चौघे राहत असताना तेथे अभ्यास होत नाही. नऊ वाजता बालवाडी भरते. तिच्यात येणाऱ्या बहुतेक मुलांच्या आया आसपासच्या घरांत धुणीभांडी करतात. दुपारी चारनंतर ज्येष्ठ मंडळी येतात आणि रक्तदाब तपासण्याचे यंत्र टेबलावर काढतात. बचत गटाच्या सात बायका पहाटे साडेपाचपासून टपरी चालवतात. सकाळी फिरायला येणाऱ्यांचा पहिला चहा त्यांच्याच हातचा असतो, आणि माझ्या मते बागेच्या त्या कोपऱ्यात अंधारातही बायका निर्धास्तपणे फिरू शकतात, याचे श्रेय विजेच्या खांबांइतकेच त्या पेटलेल्या स्टोव्हला आहे. ज्या शहरात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालत आले आहे, त्या शहरात वाचनालय म्हणजे काय हे मी समजावून सांगण्याची गरज नाही. पण मध्यवर्ती भागातील मोठी ग्रंथालये आणि वसाहतीतील मुलाच्या चपलेच्या अंतरावर असलेली खोली, यांची कामे वेगवेगळी आहेत.

आता मूळ तक्रारीकडे येतो. आमच्या करारातील मुदत संपून नऊ वर्षे झाली. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी आम्ही नूतनीकरणाचा अर्ज दिला होता. तो मंजूर झाला नाही आणि नामंजूरही झाला नाही. दरम्यान आम्ही दर महिन्याला पैसे भरत आलो आणि आपले कार्यालय ते घेत आले. या नऊ वर्षांच्या पावत्या मी परवा टेबलावर ओळीने मांडल्या. पहिली दोन वर्षे पावतीवर ‘भाडे’ असे लिहिलेले आहे. त्यानंतर तेथे ‘वापर शुल्क’ असा शब्द आला. आणि गेल्या दीड वर्षापासून त्याच रकान्यात, त्याच निळ्या शाईत, ‘नुकसानभरपाई (हक्क अबाधित ठेवून)’ असा रबरी शिक्का उमटू लागला. रक्कम तीच, खिडकी तीच, पैसे भरणारा माणूसही तोच. शब्द कोणी बदलला, कोणत्या ठरावाने बदलला आणि तो बदलल्याचे आम्हाला का कळवले नाही, हे विचारल्यावर खिडकीवरच्या ताईंनी शिक्का उलटा करून दाखवला आणि म्हणाल्या, “काका, मला हाच दिलाय.” त्यांचा काहीही दोष नाही.

वाचकांना हा शब्दांचा कीस वाटू नये, म्हणून त्याचा अर्थ सांगतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ११६ नुसार, मुदत संपल्यावरही भाडेकरू जागेत राहिला आणि मालकाने त्याचे भाडे स्वीकारले, तर विरुद्ध करार नसल्यास भाडेपट्टा वापराच्या हेतूप्रमाणे वर्षा-वर्षाने किंवा महिन्या-महिन्याने चालू राहतो. म्हणजे ‘भाडे’ या शब्दाच्या पावतीने आम्ही भाडेकरू ठरतो. ‘नुकसानभरपाई’ म्हणजे मात्र परवानगीशिवाय जागा अडवून बसलेल्याकडून वसूल केलेली रक्कम. त्या शिक्क्याने आम्ही, आमच्या नकळत, भाडेकरूंचे अतिक्रमणधारक झालो. आणि भाडेकरू ठरलो तरी संरक्षण किती, तेही पाहा. त्याच अधिनियमाच्या कलम १०६ प्रमाणे, महिन्याचा भाडेपट्टा पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचे कलम ३ शासनाच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना त्या कायद्यातून वगळते, त्यामुळे खासगी मालकाच्या चाळीतील भाडेकरूला जो आधार आहे, तो सार्वजनिक जागेतील आमच्यासारख्यांना मुळीच नाही. कायद्याचा सर्वांत अनुकूल अर्थ लावला तरी बावीस वर्षांच्या कामाच्या बदल्यात आमच्या हाती पंधरा दिवस उरतात, आणि नवा शिक्का तेवढेही ठेवू इच्छित नाही.

भाडे कायद्यातून अशी सूट सार्वजनिक संस्थांना का मिळते, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये, त्या वेळच्या भाडे कायद्याच्या संदर्भात, द्वारकादास मारफतिया विरुद्ध मुंबई पोर्ट ट्रस्ट या खटल्यात दिले आहे. सार्वजनिक संस्था खासगी घरमालकासारखी वागणार नाही, तिची प्रत्येक कृती सकारण आणि लोकहिताला धरून असेल, या अपेक्षेवर ही सूट उभी आहे, आणि म्हणून भाडेकरूला काढतानाही त्या संस्थेने न्याय्य वागले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. त्या खटल्यात भाडेकरूचा दावा टिकला नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पण तो का टिकला नाही? पोर्ट ट्रस्टला आपल्या निर्णयामागची कारणे न्यायालयासमोर मांडता आली म्हणून. आमच्या बाबतीत कारणे सोडाच, निर्णयच झालेला नाही. निर्णय न घेता नऊ वर्षे पैसे घेत राहणे हीसुद्धा एक कृतीच आहे, आणि तिचे कारण विचारण्याचा आम्हाला अधिकार आहे, असे मी मानतो.

या अधांतरी अवस्थेने काय काय झाले, ते सांगतो. आमच्यावर बुलडोझर आलेला नाही, कोणी कुलूप लावलेले नाही. दिसायला सगळे सुरळीत आहे, आणि म्हणूनच बाहेरच्या माणसाला आमची तक्रार कळत नाही.

छपराचे पत्रे सडले आहेत. ते बदलण्याची परवानगी आम्ही तीनदा मागितली. पहिल्यांदा सांगण्यात आले की भाडेपट्टा जिवंत नसल्याने दुरुस्तीची परवानगी देता येत नाही. दुसऱ्यांदा सांगण्यात आले की पुनर्विकास होणारच आहे, मग खर्च कशाला करता. तिसऱ्या अर्जाची पोच मिळाली, पुढे काही नाही. मृग लागला की आम्ही कपाटांवर प्लास्टिकचे कागद अंथरतो, आणि पाऊस जोरात आला की अभ्यासिकेतील मुले पुस्तके मिटून, कोणीही न सांगता, टेबले भिंतीकडून मधोमध ओढतात. कोणते टेबल कुठे सरकवायचे हे त्यांना पाठ झाले आहे. दरवर्षी नवी मुले येतात आणि जुनी मुले जाताना त्यांना हे शिकवून जातात.

अंबडच्या एका कारखान्याने सामाजिक दायित्वाच्या निधीतून छप्पर, स्वच्छतागृह आणि वीस टेबले देण्याची तयारी दाखवली होती. त्यांचे अधिकारी येऊन मोजमाप घेऊन गेले. त्यांचा एकच प्रश्न होता : जागा आणखी किती वर्षे तुमच्याकडे आहे, याचा कागद द्या. तो कागद देता आला नाही. तो निधी दुसऱ्या गावी गेला, आणि तेथे सत्कारणीच लागला असेल, पण आमच्या मुली आजही स्वच्छतागृहासाठी शंभर पावले चालत बागेच्या दुसऱ्या टोकाला जातात आणि रात्री आठनंतर तेही बंद असते. विजेचा भार वाढवून घ्यायला जागामालकाचा ना हरकत दाखला लागतो, तो मिळत नाही, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत चाळीस मुलांमध्ये चार पंखे फिरतात. बालवाडीच्या शिक्षिकेला पुढच्या जूनची हमी देता येत नाही, म्हणून दोन वर्षांत तीन शिक्षिका सोडून गेल्या. बचत गटाला बँकेने कर्ज नाकारले. सगळ्यांकडे एकच कागद मागितला जातो आणि तो एकाच ठिकाणी अडकला आहे.

सादरीकरणानंतर दोन दिवसांनी सुरगाण्याकडची एक विद्यार्थिनी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात मोजलेले पैसे होते. “काका, तीन महिन्यांचे एकदम भरू, की महिन्याचेच भरू?” असे तिने विचारले. एकदम भरले तर थोडी सवलत असते आणि तिच्या घरून येणाऱ्या पैशांत ती सवलत मोलाची असते. मी तिला महिन्याचेच भरायला सांगितले. बावीस वर्षांत असे उत्तर मला पहिल्यांदा द्यावे लागले, आणि ते देताना मला तिच्याकडे पाहवले नाही.

दोन महिन्यांपूर्वी चार माणसे टेप आणि रंगाचा डबा घेऊन आली होती. त्यांनी मोजणी केली आणि आमच्या दाराशेजारच्या भिंतीवर पिवळ्या रंगात ‘क-७’ असे लिहिले. हे काय आहे, असे विचारल्यावर ‘वरून सांगितले आहे’ एवढेच उत्तर मिळाले. त्याच आवारात नकाशाआड येणाऱ्या झाडांचीही मोजणी झाली. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे झाड तोडायचे असेल, तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, झाडावर नोटीस चिकटवावी लागते आणि लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. हे अगदी योग्य आहे. तपोवनातील झाडे वाचवण्यासाठी २०२५ च्या अखेरीस नाशिककर एकत्र आले, तेव्हा आमच्या अभ्यासिकेतील मुलेही तेथे गेली होती. झाडाच्या बाबतीत कायद्याने जी रीत घालून दिली आहे, तीच आपण माणसांच्या बाबतीतही पाळावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. पदपथावर राहणाऱ्या माणसालाही काढण्यापूर्वी सामान्यतः नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सांगितले आहे. आम्ही तर रीतसर करार करून आलेलो आहोत.

हरकती घेण्याची गरज नाही, असे आम्हाला तोंडी सांगण्यात आले, त्याचे कारणही लिहितो. विकास आराखड्यातील आरक्षण बदलायचे असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ३७ खाली जाहीर सूचना आणि हरकती-सूचनांचा टप्पा असतो. येथे बागेची बागच राहणार आहे, आरक्षण बदलत नाही, हे केवळ सुशोभीकरण आहे, म्हणून तो टप्पा लागू होत नाही, असे ते कारण. नियमाच्या चौकटीत ते बरोबर असेलही. पण चार संस्था जिथून उठणार आहेत आणि खाद्यदालन व वाहनतळ जिथे येणार आहेत, त्या कामाला सुशोभीकरण म्हटल्याने लोकांना विचारण्याचे कर्तव्य संपते, हे मला पटत नाही.

आमच्या विरुद्ध जाणारे मुद्देही मला ठाऊक आहेत आणि ते मी टाळणार नाही. बाग ही सर्वांची आहे, तिच्यात कोणा संस्थेने कायमचे ठाण का मांडावे, असा प्रश्न विचारला जातो, आणि तो रास्त आहे. बंगलोर मेडिकल ट्रस्टच्या खटल्यात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देता येणार नाही. तो निकाल कोणी आमच्यापुढेही ठेवील. मात्र त्यातील कसोटी लावायची, तर ती सगळ्यांना लावावी : ही जागा सर्वांना खुली राहते की पैसे मोजणाऱ्यालाच मिळते? आमच्याकडे वर्तमानपत्र वाचायला पैसे पडत नाहीत, कोणालाही दार बंद नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनेही वसाहतींच्या मोकळ्या जागांत मर्यादित बांधकामापुरती वाचनालय, व्यायामशाळा, बालवाडी यांसारख्या वापरांना जागा दिली आहे, म्हणजे हिरवळ आणि पुस्तक यांचे वैर शासनाने मानलेले नाही.

सार्वजनिक खोल्या नाममात्र भाड्याने घेऊन काही ठिकाणी त्यांत पोटभाडेकरू ठेवले गेले, लग्नाचे कार्यक्रम झाले, मंडळांची कार्यालये झाली, हेही खरे आहे. अशा लोकांमुळे प्रामाणिक संस्थांची मान खाली जाते. त्यांच्यावर कारवाई झाली तर आम्ही तिचे स्वागतच करू. आमची तपासणी करा. पूर्वसूचना न देता या. हजेरीपट, दाखल नोंदवही, लेखापरीक्षणाचे अहवाल, सभासदांच्या वर्गणीच्या पावत्या, सर्व काही टेबलावर मिळेल. भाडे वाढवण्यालाही आमचा विरोध नाही. मात्र वीस मुलांच्या बालवाडीला दुकानाच्या गाळ्याचा बाजारभाव लावला, तर भाडेवाढ आणि हकालपट्टी यांत फरक राहत नाही.

आणि पुनर्विकासालाही आमचा विरोध नाही, हे मी ठळकपणे लिहितो. चालण्याच्या मार्गावरील फरश्या उखडल्या आहेत, माझे एक स्नेही त्यावर पडून खुब्याचे हाड मोडून बसले. कारंजे मी सुरू असलेले शेवटचे कधी पाहिले ते आठवत नाही. खेळण्यांच्या घसरगुंडीचा पत्रा फाटला आहे आणि मागच्या भिंतीलगत रात्री दारूच्या बाटल्या पडतात. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात निधी येत आहे, कामांना वेग आहे, आणि या निमित्ताने आमची बागही सुधारावी असे आम्हाला मनापासून वाटते. भीती वेगळी आहे. सिंहस्थाच्या घाईत आमच्या भाडेपट्ट्याचा प्रश्न सोडवायला वेळ नसेल, पण पाडायला मात्र वेळ मिळेल.

सादरीकरणाच्या शेवटच्या पानावर लिहिले होते की संपूर्ण उद्यान विकसित करून चालवण्यासाठी एकाच संस्थेला तीस वर्षांकरिता दिले जाईल. तो आकडा पाहून सभागृहात बसलेल्या बचत गटाच्या अध्यक्षा मला हळूच म्हणाल्या, “भाऊ, आपल्याला तर तीस महिन्यांचाही कागद मिळाला नाही.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र तेव्हापासून एका गोष्टीची काळजी लागून राहिली आहे. निविदा निघाल्यावर आमचे मालक तुम्ही राहणार, की तो ठेकेदार? ‘जागा भारमुक्त द्यावी’ अशी अट त्या निविदेत असली, तर आम्ही त्या भारात मोडतो का? माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली मी हेच विचारले होते. ‘बाब विचाराधीन असल्याने माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर आले.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

पहिली, आणि सर्वांत महत्त्वाची : आवारातील चारही संस्थांना, आजच्या तारखेला आपण त्यांना भाडेकरू मानता की नाही, हे प्रत्येकी एका पत्राने, सहीशिक्क्यासह, कळवावे. मानत नसाल तर कोणत्या ठरावाने आणि कोणत्या तारखेपासून, तेही लिहावे. हे उत्तर आमच्या विरुद्ध असले तरी चालेल, कारण त्याच्यावर दाद मागता येते. मौनावर दाद मागणे आमच्यासारख्यांना फार अवघड जाते. त्या पत्राबरोबर नूतनीकरणाच्या आमच्या अर्जावरील टिपणीची प्रत द्यावी.

दुसरी मागणी अशी की हा निर्णय होईपर्यंत पुनर्विकासाची निविदा काढू नये. काढायचीच असेल, तर विद्यमान संस्थांचे स्थान तिच्या अटींतच स्पष्ट लिहावे आणि पुढच्या ठेकेदारावर ते बंधनकारक करावे. मोजणीच्या नकाशातील ‘तात्पुरती शेड’ ही नोंद आमच्या समक्ष स्थळपाहणी करून दुरुस्त करावी.

काम सुरू झाल्यावर आम्हाला हलावे लागणार असेल, तर आम्ही हलू. त्यासाठी किमान सहा महिन्यांची लेखी सूचना, काम चालू असेपर्यंत चालत जाता येईल एवढ्या अंतरावर पर्यायी खोली, आणि काम पूर्ण झाल्यावर त्याच उद्यानात तेवढ्याच क्षेत्रफळाची जागा मिळण्याचे लेखी आश्वासन आम्हाला हवे. मे महिन्यात बालवाडी हलवणे आणि परीक्षेच्या तोंडावर अभ्यासिका हलवणे, यांतील फरक तारीख ठरवताना ध्यानात घ्यावा.

सामाजिक संस्थांसाठी भाड्याचा स्वतंत्र, जाहीर आणि परवडणारा दर ठरवावा, आणि त्याच्या बदल्यात आमच्यावर अटी घालाव्यात : वार्षिक तपासणी, पोटभाडेकरू ठेवल्यास तत्काळ करार रद्द, दारावर वेळापत्रक व हिशेबाचा फलक. आम्ही त्या पाळू. आणि पावसाळ्याआधी, बाकी सारे बाजूला ठेवून, स्वखर्चाने पत्रे बदलण्याची परवानगी तेवढी द्यावी. त्यामुळे आमचा कोणताही नवा हक्क निर्माण होणार नाही, असे हमीपत्र मी आजच लिहून द्यायला तयार आहे.

या विषयावर बैठक बोलावल्यास चारही संस्थांचे प्रतिनिधी सांगाल त्या वेळी येतील. बालवाडीच्या ताईंना दुपारी बाराच्या आत आणि बचत गटाच्या भगिनींना सकाळी अकराच्या आधी निघता येत नाही, एवढे पाहावे. मूळ करार, अनामतीची पावती, नऊ वर्षांच्या सर्व पावत्या आणि आवक शिक्क्याच्या सात पत्रांच्या प्रती या पत्रासोबत जोडून आपल्या कार्यालयात दिल्या आहेत. कोणाही नागरिकाला त्या वाचनालयात येऊन पाहता येतील.

पुढील महिन्याची रक्कम भरायला मी नेहमीप्रमाणे ५ तारखेला सकाळी त्याच खिडकीवर येईन. पावतीवर या वेळी कोणता शब्द लिहिला जाणार आहे, हे त्याआधी आम्हाला कळावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
कार्यवाह, उद्यानातील वाचनालय व अभ्यासिका
(बालवाडी, ज्येष्ठ नागरिक मंडळी व महिला बचत गट यांच्या संमतीने)
नाशिक